काळ्या मातीवर नुसती वाळू नको
ताई, लॉनवर दोन इंच वाळू पसरू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून नको, गवत गुदमरेल. आमचंही अंगण इंदूरचंच, तीच माळव्याची काळी माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वाळूचा वेगळा थर बसला की मुळं वरच्या वरच राहतात. आधी पोकळ दातांच्या काट्याने मातीचे बोटभर तुकडे उपसून काढा (नुसती पहार खुपसली तर चिकण माती बाजूंनी आणखी दबते). मग धुतलेली नर्मदेची वाळू आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून खराट्याने भोकांत लोटा. वर थर 5 मिमीच, म्हणजे 100 चौरस फुटांना साधारण 46 लिटर. पात्यांची टोकं दिसलीच पाहिजेत. हरळी जोमात येते तेव्हा, जूनअखेरीस करा.