'कमांड इंजेक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

लेखणीबहाद्दर: चॅट क्लायंटच्या सुरक्षेवर मराठीत टिपण लिहितोय. 'कमांड इंजेक्शन व्हल्नरेबिलिटी'पाशी (मजकुराआडून प्रोग्रॅमला भलतीच आज्ञा देता येते, ती कमजोरी) गाडी अडली. 'आज्ञा अंतःक्षेपण भेद्यता' असं लिहिलं आणि वाचताना मलाच धाप लागली. काही सुचवा.

शब्दखवय्या: 'कमांड'ला 'आज्ञा'च ठेवा. प्रोग्रॅमला 'आज्ञावली' रुळलेलं आहे, घराणं एकच राहतं. 'आदेश' म्हटलं की मंत्रालयातला कागद डोळ्यांपुढे येतो. 'इंजेक्शन' मात्र दवाखान्याने कधीच बळकावलंय. आणि 'असुरक्षितता' नकोच, ती आता मनाची अवस्था झाली आहे.

इर्सीकर: शब्दाआधी प्रकार ठरवा, कारण या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. २००७ सालचं प्रकरण घ्या. आयआरसी म्हणजे 'इंटरनेट रिले चॅट', चॅनलवर गप्पा मारायची जुनी सोय. 'इर्सी' हा तिचा टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारा क्लायंट. त्यासाठी लोकांनी छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या, आपण आत्ता कोणतं गाणं ऐकतोय ते चॅनलवर टाकणाऱ्या. आयआरसीत प्रत्येक संदेश सीआर-एलएफ या ओळ तोडणाऱ्या अक्षरजोडीने संपतो. आता एमपी३ फाइलमध्ये गाण्याचं नाव असं भरा: 'पाऊस', पुढे ती जोडी, पुढे 'क्विट', म्हणजे बाहेर पडायची आज्ञा. स्क्रिप्ट बिचारी जसंच्या तसं पुढे ढकलते. सर्व्हरला दोन ओळी दिसतात. एकीत गाणं, दुसरीत तुमचा रामराम! 'क्विट'च्या जागी दुसऱ्या कुणाला तुमच्या नावाने पाठवलेला संदेशही बसतो. 'कॉन्व्हर्सेशन' या क्लायंटच्या सोबत येणाऱ्या स्क्रिप्टमध्येही हाच घोळ होता.

मोडीवाचक: म्हणजे पत्र कुठे संपलं याचाच घोळ. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उठवत. तिच्याखाली कुणी काही वाढवलं तर ते पत्रातलं नव्हे.

इर्सीकर: बरोबर, पण इथे तो शिक्का ज्याच्यात्याच्या खिशात आहे! सीआर-एलएफ कुणीही टाइप करू शकतो. म्हणून बाहेरून आलेल्या मजकुरातून ती जोडी आधी काढून टाकायची, मगच पुढे पाठवायचं. आणि एक लक्षात घ्या, यात आज्ञा मिळते ती आयआरसी सर्व्हरला. तुमच्या संगणकाच्या शेलला, म्हणजे संगणकावरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला नव्हे. दोन्हींना सरसकट एकच नाव दिलंत तर वाचक उगाच घाबरेल, नाहीतर उगाच निश्चिंत राहील.

लेखणीबहाद्दर: मग एमआयआरसी या विंडोजवरच्या आयआरसी क्लायंटचं २०१९ चं प्रकरण कशात बसतं? त्यात तर थेट संगणकावर कोड चालत होता ना?

इर्सीकर: चालत होता, पण वाट निराळी. वेबपानावरची 'आयआरसी:' ने सुरू होणारी लिंक विंडोज एमआयआरसीकडे सोपवतं. त्या लिंकमध्ये रिकामी जागा सोडून 'उणे आय' (-i) हा पर्याय लिहिला की एमआयआरसी आपली सेटिंगची फाइल भलत्याच ठिकाणाहून, अगदी हल्लेखोराच्या सर्व्हरवरूनही, उचलायचं. त्या सेटिंगमधून त्याची स्क्रिप्ट आत येई. ७.५५ आवृत्तीत हे बुजवलं. यात नवी आज्ञा कुणी दिलेलीच नाही. आज्ञा तीच, शेपूट वाढलेलं. आज्ञेला जोडून दिलेल्या अशा शेपटाला आर्ग्युमेंट म्हणतात, म्हणून ही आर्ग्युमेंट इंजेक्शनची जात. २०१८ मध्ये इलेक्ट्रॉन या ॲप बनवायच्या साच्यावर बांधलेल्या विंडोज ॲपमध्येही हेच निघालं होतं. तिथे तात्पुरता उपाय सुचवला होता तो दोन आडव्या रेघांचा: 'यापुढे पर्याय संपले' एवढंच त्या सांगतात.

शब्दखवय्या: तर मग नाम घडवत बसूच नका. मराठीला क्रियापद झेपतं. 'गाण्याच्या नावातून आज्ञा घुसवता येते' हे वाक्य कुणालाही कळतं. 'घुसवणे'त चोरटेपणाही आला. 'घुसखोरी' मात्र टाळा, तिने माणूस आत शिरतो. इथे मजकूर शिरतो.

मोडीवाचक: आणि 'व्हल्नरेबिलिटी'ला 'फट'. प्रत्येक दोष म्हणजे फट नव्हे, हा फरकही त्यात राहतो. बटणाचा रंग चुकला तर तो दोष, त्यातून कुणी आत येत नाही.

लेखणीबहाद्दर: 'आज्ञा घुसवण्याची फट'. चालेल, पळेल. आर्ग्युमेंटला काय करू? यंत्रभाषांतराने 'युक्तिवाद' दिलाय.

इर्सीकर: हाहा, लिंकने एमआयआरसीशी वाद घातला! एमआयआरसीच्या बाबतीत 'पर्याय' लिहा, 'उणे आय' पर्यायच आहे. बाकी ठिकाणी 'आर्ग्युमेंट' देवनागरीत ठेवा, ज्याला लागतं त्याला तो शब्द माहीत असतो.