अरबी किनाऱ्यांवरची आलिशान रिसॉर्ट्स : तुमचे अनुभव

दुबई, ओमान, जॉर्डन, इजिप्त... समुद्रकाठच्या महागड्या रिसॉर्टात राहून आलेल्यांनी इथे जरूर लिहा. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तिथे गेल्यावर काय कळलं ते सांगा.

*

दुबई, पाम जुमेरा. जुलैत गेलो, कारण दर तेव्हाच खाली येतात. का येतात ते दुपारी कळलं. वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि समुद्र आंघोळीच्या पाण्याइतका गरम. पूलचं पाणी मात्र गार करून ठेवतात, त्यामुळे सगळी जत्रा तिथेच. पंचतारांकित हॉटेलात खोलीमागे रोज २० दिरहम पर्यटन शुल्क वेगळं पडतं, ते हिशेबात धरा. आणि अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच द्या. डेबिटवर दिली की परत येईपर्यंत जीव टांगणीला.

*

आम्ही जॉर्डनला मृत समुद्रावर. आईला पोहता येत नाही. लेगिंगवाला पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घालून ती गुडघाभर पाण्यात मागे रेलली आणि अलगद वर आली! पंचाईत पुढे झाली, उभं राहता येईना. जीवरक्षक ओरडून सांगत होता, "गुडघे पोटाशी घ्या, मग पाय खाली सोडा." तिसऱ्या खेपेला जमलं. बाबांनी सकाळीच दाढी केली होती, ते दोन मिनिटांत कळवळत शॉवरखाली. पाणी हाताला तेलकट लागतं, डोळ्यात गेलं तर संपलंच.

हा समुद्र दरवर्षी सुमारे मीटरभर खाली जातोय (जॉर्डन नदीचं पाणी वरच अडवलं, वळवलं जातं), म्हणून हॉटेलपासून पाणी लांब आणि पायऱ्या बक्कळ. गुडघेदुखीवाल्यांनी बुकिंगआधीच बग्गी आहे का विचारा.

*

@जॉर्डनवाले, शाकाहारींचं काय?

*

चंगळ! हुमुस, फलाफल, लबने, ऑलिव्ह. आई मात्र तिसऱ्या दिवशी वरणभात मागू लागली.

*

इजिप्तमधल्या शर्म अल शेखला प्रवाळ अगदी काठाशी आहे. जेट्टीवरून उतरायचं, रबरी बूट न्या. बाकी ऑल इन्क्लूझिव्हचा (खाणंपिणं सगळं दरातच) कंटाळा येतो.

*

ओमानचं सलाला, ऑगस्ट. आखातातली कुटुंबं तिथे खास भुरभुर पाऊस बघायला येतात. नारळ, केळी, धुकं, लॉबीत लोबानचा धूर... आम्ही रत्नागिरीचे, एवढे पैसे मोजून पावसाळाच बघत बसलो. खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, त्या हंगामात समुद्र खवळलेला, लाल बावटा, पाण्यात जायचं नाव नको. पोहायचं असेल तर नोव्हेंबरनंतर जा.