युद्धात दुसऱ्यांना वाचवणाऱ्या मुलांच्या खऱ्या गोष्टी सुचवा (वय वर्षं १०)

घुबड_बाबा: मंडळी, लेकीचं सध्या रोज रात्री "खरी गोष्ट सांग" चालू आहे. युद्धाच्याच हव्यात म्हणते, पण मला बंदूकवाल्या नकोत, लहान पोरांनीच कुणालातरी वाचवलं अशा हव्यात. पुस्तकच पाहिजे असं नाही, प्रसंग सांगा, मी रंगवून सांगेन. फक्त शेवटी सगळे मेले असं नको प्लीज, तो प्रयोग मागच्या आठवड्यात फसलाय, दोनपर्यंत जागे होतो दोघं.

जुनी_वही: डोळे झाकून पोडगुर्स्का बहिणींची सांगा. पोलंडमधलं पशेमिशल गाव, दुसरं महायुद्ध, मोठी स्टेफानिया सोळा-सतराची आणि धाकटी हेलेना जेमतेम सहा-सात वर्षांची, घरात दोघीच, आणि वर माळ्यावर १३ ज्यू लपवलेले. आता गंमत बघा, जर्मनांनी घर खाली करा म्हणून सांगितलं, स्टेफानिया जागची हलली नाही, तर शेवटी त्यांनी एकच खोली घेतली आणि तिथे दोन जर्मन नर्स राहायला आल्या! पुढचे सात-आठ महिने खाली नर्स, त्यांना भेटायला येणारे सैनिक, आणि डोक्यावर तेरा माणसं श्वास रोखून. तेराही वाचले, त्यामुळे झोपेचं टेन्शन नाही. माझ्या मते खरी हिरो धाकटी, त्या वयात आपल्याला वाढदिवसाचं सरप्राइज पोटात ठेवता येत नव्हतं.

चष्मिस: +१. अडॉल्फो कामिन्स्कीपण बघा. तो १८ चा म्हणजे लहान नाही म्हणाल, पण पोरांना आवडतो कारण त्यात केमिस्ट्री आहे. आधी रंगाऱ्याकडे काम केलेलं त्यामुळे न जाणारी शाई लॅक्टिक अ‍ॅसिडने कशी घालवायची हे त्याला माहीत, मग पॅरिसमध्ये बसून ज्यू लोकांसाठी खोटी ओळखपत्रं. एकदा ३ दिवसांत ३०० मुलांचे कागद करायचे होते, तर हा झोपायलाच तयार नाही, तासाला ३० होतात म्हणजे तासभर झोपलो तर ३० जण जातील असा हिशोब.

घुबड_बाबा: हे भारी आहे. पण खोटे कागद म्हटलं की "मग खोटं बोललं तर चालतं?" हे येणारच, तेव्हा काय सांगता?

जुनी_वही: तेव्हा फ्रान्समधल्या ल शांबों गावची सांगायची, तिथे पोरं उघड खरं बोलली. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनांना साथ देणाऱ्या फ्रेंच सरकारचा युवक खात्याचा मोठा माणूस गावात आला, आधीच्याच महिन्यात पॅरिसमध्ये हजारो ज्यूंची धरपकड झालेली, तर शाळेतल्या मोठ्या मुलांनी थेट त्याच्या हातात पत्र दिलं की आमच्यात ज्यू आहेत, आम्ही फरक करत नाही, आणि त्यांना न्यायचा हुकूम आला तर ते तो मोडतील आणि आम्ही त्यांना लपवू. तोंडावर!

घुबड_बाबा: काल पहिली सांगितली. नर्स घरात येईपर्यंत पोचलो आणि बाईसाहेबांचा प्रश्न, वरच्या कुणाला खोकला आला तर? म्हटलं उद्या सांगतो. माहीत असेल तर संध्याकाळपर्यंत टाका कुणीतरी.