अंड्याचं रॉकेट आणि क्लबची माणसं

यूट्यूबवर सगळं शिकता येतं, मग मुलांना रॉकेट क्लब हवाच कशाला, असं काही जण विचारतात. मी ‘अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज’ या अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या मॉडेल रॉकेट स्पर्धेपुरतं सांगतो. यात सहावी ते बारावीची मुलं स्वतः बनवलेल्या रॉकेटमधून कच्चं अंडं ठरलेल्या उंचीवर पाठवून ठरलेल्या वेळात अखंड खाली आणतात. उंची चुकली की फुटाला १ गुण, वेळ चुकली की सेकंदाला ४. ज्यांचे गुण कमी, ते पुढे. अंडं तडकलं की उड्डाण बाद!

पात्रतेचं उड्डाण नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या हौशी रॉकेटवाल्यांच्या संघटनेच्या प्रौढ सदस्यासमोरच करावं लागतं, आणि तो मुलांचा नातेवाईक असून चालत नाही. म्हणजे या संघटनेशी जोडलेल्या स्थानिक क्लबमधलं कुणीतरी आपली सुट्टी मोडून उभं राहतं. मैदान, लाँच पॅड, रॉकेट पेटवायचा कंट्रोलर हेही बहुतेक वेळा क्लबचंच.

पण माझ्या मते खरं शिक्षण होतं उड्डाणाआधीच्या तपासणीत. क्लबचा सेफ्टी ऑफिसर एकेक फिन (रॉकेटच्या खालचा पंख) हलवून बघतो, नोज कोन (रॉकेटचं टोक) सैल नाही ना, फार घट्टही नाही ना ते पाहतो, पॅराशूटखाली आगरोधक कागद घातलाय का विचारतो. तो कागद नसेल तर पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटाच्या (इजेक्शन चार्जच्या) उष्णतेने प्लास्टिकचं पॅराशूट वितळून चिकटतं. नुसतं ‘चालणार नाही’ म्हणत नाहीत, का चालणार नाही ते मुलांकडूनच वदवून घेतात. वारा असला की रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि उंची कमी भरते, म्हणून प्रत्येक उड्डाणाचं वजन, वारा, तापमान वहीत लिहायला लावतात. ही शिस्त व्हिडिओ बघून लागत नाही.

तिकडे राहत असाल तर शाळा सुरू झाल्या झाल्या जवळचा क्लब गाठा. पात्रतेची मुदत जवळ आली की सगळे संघ एकदम येतात.