प्रेसवाल्या भाऊचं चित्र

ए-२०४: नातवानं आपल्या सोसायटीच्या गेटजवळच्या प्रेसवाल्या भाऊचं चित्र काढलं, फोटो टाकते. खोडून खोडून कागदच फाटला.

बी-१०३: मस्त! पण हात काहून असा लुळा दिसून राहिला काकू?

ए-२०४: भाऊपण तेच म्हणाले. "बाळा, इस्त्री हातानं नाही, कमरेनं ढकलावी लागते."

सी-४०१: माझा चित्रकलेचा अख्खा तास भाऊनं एका वाक्यात घेतला 😄 चेहरा आधी काढायचाच नाही. भार कोणत्या पायावर आहे ते पाहा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असला की गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच टाचेजवळ येतो. आणि माणूस हलतो म्हणून घाबरायचं नाही. इस्त्री पुढे जाते, परत येते. झाडणाऱ्या ताईंचा हातही दर फटक्याला तिथंच येतो. एका कागदावर चार-पाच अर्धवट आकृत्या मांडायच्या, ती ढब परत आली की त्याच आकृतीत भर घालायची. पोज देणाऱ्यापेक्षा हे बरं, तो तर पोट आत घेऊन बसतो.

डी-३०२: सर, बर्डीच्या बाजारातून चांगला कलर सेट आणून देऊ का पोराला?

सी-४०१: राहू द्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यावरची माणसं काढली ती सामान बांधायच्या स्वस्त कागदावर, काळ्या शाईनं. घरातली खाकी पाकिटं उलटी करा. सावलीला कोळसा, उजेडाला पांढरा खडू, मधली छटा कागदच देतो. बॉलपेनही झकास. खोडता येत नाही, म्हणून कागद फाटत नाही!

बी-१०३: कोळसा भाऊच्या इस्त्रीतला चालन का?

सी-४०१: चालन, पण विझून गार झालेला. कडक तुकडा कागद ओरबाडतो, मऊ वेचून घ्या. चित्र पुसलं जाऊ नये म्हणून वरून पातळ दूध फवारा. व्हॅन गॉगसुद्धा पेन्सिलच्या चित्रांवर दूध वापरायचा.

ए-३०५: इथं चहाले दूध पुरत नाही अन् तुम्ही चित्राले पाजून राहिले!

सी-४०१: साय काढलेलं हो वहिनी, तेही पाणी घालून.

सेक्रेटरी: उद्या टँकर सकाळी ७ ला. बाकी चालू द्या.

डी-३०२: काकू, भाऊले विचारलं ना पण, चित्र काढू का म्हणून?

ए-२०४: विचारलं तर. म्हणाले, डोक्याचा दुपट्टा मात्र काढ, त्याच्याशिवाय मला कोणी ओळखणार नाही.

सी-४०१: मग पाठवा त्याला आत्ताच खाली. आज कपड्यांचा गठ्ठा मोठा आहे, हात बराच वेळ परत येत राहील.