आगमनकाळातल्या तरुण संघाच्या अभ्यासासाठी मदत हवी आहे

सर्वांना सलाम. आमच्या भायखळ्याच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारी तरुण संघाचा बायबल अभ्यास माझ्याकडे आहे. विषय: प्रभू येशू परत येईपर्यंत जगायचं कसं? उपासनेनंतर जेमतेम ४० मिनिटं मिळतात, कारण मुलं कल्याण-विरारहून येतात आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतोच.

पहिल्या रविवारी मत्तय २५ घेतला. दहा कुमारींचा दाखला (वराची वाट पाहताना पाच जणींच्या दिव्यांना तेल पुरत नाही) सगळ्यांना पाठ, पण चर्चा 'तेल म्हणजे काय' यावरच अडकली. मग १ थेस्सलनीका ४:११ वाचलं, शांतपणे राहा, आपल्या हातांनी काम करा. तेव्हा एकाने विचारलं, "दादा, प्रभू कधीही येणार, तर वीस वर्षांचं गृहकर्ज कशाला घ्यायचं?" प्रश्न थट्टेत नव्हता. तो नोकरी सोडून पूर्णवेळ प्रार्थनेला बसायचं म्हणतोय, घरी आई त्याच्याच पगारावर.

मी २ थेस्सलनीका ३:१० दाखवलं, 'काम करायचं नसेल तर खाऊही नये'. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतः तंबू शिवायचा, हेही सांगितलं. त्याला ते टोमण्यासारखं लागलं, आणि चूक माझीच, सगळ्यांसमोर वाचायला नको होतं. पाळकसाहेबांशी बोललोय, ते त्याला एकट्याला भेटणार आहेत.

तारखांचे हिशेब नकोत, मत्तय २४:३६ ('त्या दिवसाविषयी कोणालाच ठाऊक नाही') पुरेसं आहे. उरलेल्या तीन रविवारांसाठी, वाट पाहणं आणि रोजची नोकरी-घर यांची सांगड घालणारा, पण आळशांना दटावणारा न वाटणारा कोणता उतारा तुम्ही तरुणांबरोबर घेतलाय, आणि सुरुवात कोणत्या प्रश्नाने केलीत?