आयवाझोव्स्कीची 'नववी लाट' : भर समुद्रात लाट अशी फुटते का?

ओहोटी
रशियन चित्रकार इवान आयवाझोव्स्कीचं 'नववी लाट' हे चित्र (१८५०) सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. कॅनव्हास २२१ बाय ३३२ सेंमी. जहाज बुडालंय, वाचलेली माणसं तुटक्या डोलकाठीला बिलगून तरंगताहेत, समोर सूर्य वर येतोय. ओळीने येणाऱ्या लाटांत नववी सगळ्यात मोठी, ही खलाशांची जुनी समजूत, नाव त्यावरून.

माझं मत: उजेड अप्रतिम, लाटा चुकीच्या. किनारा किंवा खडक कुठेच नाही, तरी माथे पुढे वळून कोसळताना दाखवलेत. असा माथा वळतो तो उथळ पाण्यात. खोली लाटेच्या लांबीच्या (लागोपाठच्या दोन माथ्यांमधलं अंतर) निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. वेग घटतो, लांबी आखडते आणि पुढे उंची वाढत जाते. ही उंची खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की लाट फुटते. म्हणजे ३ मीटर उंचीची लाट साधारण ४ मीटर खोलीवर. भर समुद्रात उंची लांबीच्या सातव्या हिश्शापर्यंत गेली की माथा ढासळतो, पण सहसा फेस होऊन लाटेच्या पुढच्या उतारावरून घरंगळतो. वळून पडत नाही.

इंग्रज चित्रकार टर्नरचं १८४२ चं बर्फाच्या वादळातल्या आगबोटीचं चित्र बघा. तिथे एकही लाट सुटी काढून दाखवता येत नाही आणि वादळात समुद्र तसाच दिसतो.

रंगपेटी
गणित बरोबर आहे, पण 'सहसा' या शब्दावर सगळं उभं आहे. वारा फिरला की जुन्या दिशेच्या लाटा चालूच राहतात आणि नव्या दिशेच्या त्यांना तिरक्या छेदतात. जिथे दोन माथे एकत्र येतात तिथे पाणी एकदम उभं चढतं आणि खोल पाण्यातही पुढे कोसळतं. वाऱ्याच्या उलट जोरदार प्रवाह असला तरी लाटा आखडून उभ्या होतात. रात्रभराच्या वादळानंतरची पहाट दाखवायची तर असा आडवातिडवा समुद्र अगदी शक्य आहे.

आणि आयवाझोव्स्की काठावर बसून चित्रं काढणारा नव्हता. फिओदोसियात जन्म, १८३९ मध्ये रशियाच्या काळ्या समुद्राच्या आरमाराबरोबर सफर, १८४४ पासून आरमाराच्या मुख्यालयाचा अधिकृत चित्रकार. लाट समोर बसून रंगवता येत नाही, ती आठवणीतूनच उतरवावी लागते, हे त्याचं ठाम मत होतं.

माथ्याचा हिरवा बघा. सूर्य लाटेच्या मागे आणि खाली आहे, म्हणून उजेड पाण्यातून आरपार येतो. पाणी जिथे पातळ, तिथे हिरवा उजळ. बुडाशी जाडी वाढते तसा काळपट. हा परिणाम हवा असेल तर आधी माथ्याची जागा पांढऱ्याच्या जवळ नेऊन पूर्ण वाळू द्यायची, मग तेलात पातळ केलेला पारदर्शक हिरवा वरून फिरवायचा. खालचा थर ओला राहिला तर पांढरा हिरव्यात कालवला जातो आणि लाट खडूसारखी मेलेली दिसते. फेस सगळ्यात शेवटी, जाड रंगाने.

शिसं-दोरी
@ओहोटी, टर्नरची बाजू घेताना त्याच्या चित्राचं नावच तुमच्या विरुद्ध जातंय. लांबलचक नावात स्पष्ट लिहिलंय: बंदराच्या तोंडाशी, उथळ पाण्यात खुणा करत, शिशाने पाण्याचा थांग घेत चाललेली आगबोट. म्हणजे टर्नरचा समुद्र उथळ, आयवाझोव्स्कीचा खोल. एकाच मापाने दोघांना कसं मोजणार?

थांग घेणं म्हणजे काय, हे कळलं की चित्र जास्त भिववतं. ३ ते ६ किलोचं शिसं दोरीला बांधून बोटीच्या पुढच्या अंगाला फेकायचं. बोट त्याच्या वर येईपर्यंत ते तळाला लागायला हवं, म्हणजे दोरी सरळ उभी राहते. दोरीवर ठरावीक वावांवर (एक वाव म्हणजे ६ फूट) चामड्याचे, कापडाचे तुकडे असतात, अंधारात बोटांनी ओळखता यावेत म्हणून. शिशाच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरतात. तिला वाळू, चिखल, शिंपला जे चिकटेल त्यावरून तळ कळतो. वादळात बोट वाहवत जाते, दोरी तिरकी पडते आणि खोली आहे त्याहून जास्त वाटते. चूक नेमकी जीवघेण्या बाजूला होते.

त्यात ही दोन्ही बाजूंना पाणी कापणारी चाकं असलेली बोट. ती कलंडली की एका बाजूचं चाक हवेत येऊन भरमसाट फिरतं, दुसरं खोल बुडून अडतं. बोट एका अंगाला ओढली जाते, इंजिनावर धक्के बसतात. चित्राच्या मधोमध टर्नरने तो चाकाचा काळा भाग ठेवलाय आणि सगळं वादळ त्याच्याभोवती गरगरतंय.

ओहोटी
उथळ पाण्याचा मुद्दा मान्य. लाटेच्या आकाराची तुलना मागे घेतो. आडव्या लाटांचं मात्र पटत नाही. दोन दिशांच्या लाटा एकमेकींना छेदतात तेव्हा पाण्याचे सुटे, टोकदार उंचवटे तयार होतात, ते क्षणात उठतात नि बसतात. 'नववी लाट'मध्ये माथ्यांचे लांब, सलग कणे आहेत.

दुसरं, बघणाऱ्याची जागा. चित्रातलं क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असतं. इथे डोलकाठीवरची माणसं क्षितिजाच्या बरीच खाली आहेत, म्हणजे आपण त्यांच्या वर, हवेत कुठेतरी सुरक्षित. टर्नरमध्ये क्षितिज हातीच लागत नाही. मला तोच फरक निर्णायक वाटतो.

रंगपेटी
उंचीवरून बघणं हा दोष कसा? बुडणाऱ्याच्या डोळ्याने बघितलं असतं तर पुढची एक लाट दिसली असती, बाकी काही नाही. त्या माणसांना आपल्यावर काय चालून येतंय ते पुरतं दिसत नाही, आपल्याला दिसतं. चित्रातली भीती तिथून येते.

टर्नरच्या बाजूने फिरवली जाणारी एक गोष्टही तपासून घ्या. चार तास डोलकाठीला बांधून घेऊन वादळ बघितलं, असं त्याने सांगितल्याची आठवण छापलेली आहे. तेव्हा तो पासष्टीच्या पुढे होता, आणि ही हकीकत खरी असण्याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. तेव्हा 'टर्नरने पाहिलं, आयवाझोव्स्कीने रचलं' ही वाटणी करू नका. सलग कण्यांबद्दल बोलायचं तर, वादळ ओसरल्यावर मागे उरणाऱ्या लाटा लांब आणि सलगच असतात, आणि चित्रात आकाश उघडायला लागलंय.